दरेकशाचा बोगदा का फुटला नाही? खोल खडकातील स्फोटांचा इतिहास

गोंदियाहून डोंगरगडकडे निघालेली गाडी सालेकसा मागे टाकून दरेकशाच्या डोंगरांत शिरते आणि बोरतलावपूर्वी काही क्षण अंधारातून जाते. हावडा-मुंबई मार्गावरचा हा दरेकसा बोगदा. एका तोंडाला महाराष्ट्र, दुसऱ्या तोंडापलीकडे छत्तीसगड. गेली शंभराहून अधिक वर्षे तो निमूटपणे उभा आहे. अतिशय खोल खोदलेल्या बोगद्यांचे आणि खाणींचे मात्र तसे नसते. तिथे कोणी स्फोटके न लावताही कधी कधी भिंतच बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. ही घटना आधी कशी ओळखावी, याचा हा दीर्घ धागा.

हा मार्ग मुळात नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा. १८८० च्या दशकाच्या आरंभी मीटर मापाचा लोहमार्ग नागपूरहून राजनांदगावपर्यंत पोहोचला. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिने तो ताब्यात घेऊन रुंद मापाचा केला, आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल ही मुख्य वाहिनी मालवाहतुकीस खुली झाली. भंडारा जिल्ह्याचा हा पूर्व भाग. त्याचा गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

या परिसरातला खडक भारतातल्या अतिप्राचीन खडकांपैकी आहे. डोंगरगडचा ग्रॅनाइट आणि ज्याला भूवैज्ञानिक बिजली ऱ्हायोलाइट म्हणतात तो ज्वालामुखीय खडक, दोन्ही दोन अब्ज वर्षांहून जुने, कठीण आणि ठिसूळ. दरेकशाजवळच कचारगडच्या नैसर्गिक गुहा आहेत. माघी पौर्णिमेला तिथे देशभरातून गोंड समाज जमतो. म्हणजे या डोंगरात माणसाने बोगदा खणण्याच्या फार आधीपासून पोकळ्या होत्या आणि त्या टिकल्या. कठीण आणि ठिसूळ हे दोन शब्द मात्र लक्षात ठेवावेत. शिलास्फोट नेमका अशाच खडकात होतो. मऊ खडक दाबाखाली हळूहळू फुगतो, सरकतो, बोगद्याचे तोंड अरुंद करतो, पण फुटत नाही. जो खडक अखेरपर्यंत तक्रार करत नाही, तोच एकाएकी फुटतो.

मग दरेकसा का फुटला नाही? उत्तर साध्या गुणाकारात आहे.

एक घनमीटर खडक सुमारे २.७ टन भरतो. माथ्यावर शंभर मीटर खडक असेल तर खालच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २७ किलोग्रॅम भार येतो. बोगदा खणला की तिथला खडक निघून जातो, पण भार जात नाही. तो बाजूंनी वळसा घालून जातो. नदीच्या प्रवाहात खांब रोवला की त्याच्या दोन्ही अंगांना पाणी वेगाने वाहते, तसा भार बोगद्याच्या कडांशी दाटतो. किती दाटतो, हे जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये गणिताने दाखवले. चहूबाजूंनी सारखा दाब असेल तर गोल छिद्राच्या कडेवर तो दुप्पट होतो. केवळ एकाच दिशेने असेल तर काही ठिकाणी तिप्पट. म्हणजे शंभर मीटरखालच्या बोगद्याच्या भिंतीवर चौरस सेंटिमीटरला ५४ ते ८१ किलोग्रॅम. चांगला ग्रॅनाइट १,५०० किलोग्रॅमपर्यंत सहज तग धरतो. सहनशक्तीच्या सहा टक्केही भार न पडलेली भिंत फुटणार कशी?

हाच गुणाकार एका किलोमीटरवर करून पाहावा. वरचा भार २७०, कडेवर ५४० ते ८१०. जगभरच्या बोगद्यांचा अनुभव असा की कडेवरचा दाब खडकाच्या प्रयोगशाळेतील ताकदीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला की भिंतीवरून कपचे निघू लागतात. त्यापुढे गेला की कपचे पडत नाहीत, उडतात. १,५०० च्या ग्रॅनाइटमध्ये ही सीमा सुमारे साडेसातशे ते अकराशे मीटर खोलीवर येते. तीन किलोमीटरवर कडेवरचा दाब १,६०० च्या पुढे जातो. तिथे प्रश्न खडक फुटेल की नाही हा उरत नाही. कुठे आणि केव्हा, एवढाच उरतो.

भारतात हा प्रश्न सर्वांत आधी आणि सर्वांत दीर्घकाळ ज्यांना पडला, ते कोलारच्या सोन्याच्या खाणीतले लोक. १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या कंपनीने तिथे पाय रोवले. चॅम्पियन रीफ, म्हैसूर, नंदीदुर्ग, ऊरगाम अशा एकमेकींना लागून असलेल्या खाणी एका उभ्या, पातळ सुवर्णशिरेच्या मागे खाली खाली जात राहिल्या. भोवतालचा खडक अँफिबोलाइट, म्हणजे काळा, घट्ट, अत्यंत मजबूत. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच तिथे खडक फुटू लागले होते. खाणीतले लोक या घटनेला ‘एअरब्लास्ट’ म्हणत, कारण खडक कोसळताना भुयारातून हवेचा जो लोट येई तो प्रथम जाणवे. नाव चुकीचे होते. हवा हा परिणाम होता. पण नाव अनुभवातून आले होते, आणि अंधारात काम करणाऱ्या माणसाला कारणाआधी परिणामच गाठतो.

त्याच सुमारास आल्प्समध्ये सिंप्लॉन बोगदा सुरू झाला, १८९८ मध्ये, किर्शचे सूत्र प्रसिद्ध झाले त्याच वर्षी. माथ्यावर दोन किलोमीटरहून अधिक डोंगर. तिथेही भिंतींतून कपचे आवाज करत उडू लागले. अभियंत्याचे सूत्र आणि बोगद्यातला कामगार एकाच वर्षी एकाच गोष्टीला सामोरे गेले, परंतु दोघांची भेट व्हायला पुढे अर्धे शतक जावे लागले. सूत्र पुस्तकात राहिले, कामगार भुयारात.

आता मूळ प्रश्न. खडक फुटतो हे ठीक, पण तो स्फोटासारखा का फुटतो? वीट दाबली तर ती चुरते. खडकही नुसता चुरायला हवा.

याचे समाधानकारक उत्तर १९६० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत नेव्हिल कुक यांच्या प्रयोगांतून मिळाले. प्रयोगशाळेत दगडाचा ठोकळा दाबयंत्रात ठेवला की तो धडाक्याने फुटे. सगळे समजत की हा दगडाचा स्वभाव. कुकने विचारले, यंत्राचे काय? यंत्रही दाबाखाली किंचित ताणलेले असते, स्प्रिंगसारखे. ठोकळा खचू लागताच ही स्प्रिंग मोकळी होते आणि साठलेली सारी ऊर्जा त्याच्यावर ओतते. कुकने अतिशय ताठ, जवळजवळ न ताणले जाणारे यंत्र वापरले. तोच दगड आता शांतपणे, टप्प्याटप्प्याने तुटला. स्फोट दगडाचा नव्हता, दगड आणि यंत्र या जोडीचा होता.

खाणीत ‘यंत्र’ म्हणजे भोवतालचा डोंगर. खणलेल्या पोकळ्या जितक्या विस्तीर्ण, तितका तो डोंगर लवचीक, तितकी त्याच्यात साठलेली ऊर्जा मोठी. या एका निरीक्षणाने विषयाची मांडणीच बदलली. खडकाचा तुकडा तपासून धोका मोजता येत नाही. पोकळीचा आकार, तिचा विस्तार, ती कोणत्या क्रमाने खणली गेली, हे सगळे हिशेबात घ्यावे लागते. कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडलेले माप हेच सांगते: खणकाम पुढे सरकते तसतशी दर चौरस मीटरला किती ऊर्जा मोकळी होते, ते मोजा. ते माप वाढले की स्फोटांची संख्याही वाढते, हे आफ्रिकेतल्या खाणींच्या नोंदींतून दिसले.

येथे कोलारच्या इतिहासातले सर्वांत कठोर प्रकरण येते, ते खांबांचे.

खाण खणताना छत पडू नये म्हणून मधे मधे न खणलेला खडक खांबासारखा सोडायचा, ही जगातली जुनी रीत. डोळ्यांना ती सुरक्षित वाटते. उथळ खाणीत ती सुरक्षित असतेही. खोल खाणीत मात्र आजूबाजूचे सारे खणून झाले की उरलेल्या त्या खांबावर शेजारच्या पोकळ्यांचाही भार येतो. खांब कठीण, भोवतालचा डोंगर लवचीक झालेला. कुकच्या दाबयंत्रात ठेवलेला ठोकळा म्हणजे हाच. जो खांब कामगाराच्या रक्षणासाठी सोडला होता, तोच सगळ्यांत धोकादायक ठरू लागला. खांबातही सोने असे, म्हणून शेवटी तोही कापायला माणसे पाठवली जात. त्या दाटलेल्या खडकात छिद्रे पाडणाऱ्या माणसाच्या हातात त्या वेळी कोणते माप होते? अनुभवी कानाखेरीज फारसे काही नाही.

कान ही थट्टेने घेण्याची गोष्ट नाही. खडक फुटण्यापूर्वी बोलतो. बारीक तडे जाताना कटकट, टकटक असे आवाज येतात. मुरलेला खाणकामगार भिंतीवर पहार ठोकून नादावरून पोकळ खडक ओळखत असे आणि या आवाजांचा वेग वाढला की बाहेर पडत असे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या खाण खात्यातील लिओनार्ड ओबर्ट यांनी उपकरणांनी हेच आवाज ऐकले, माणसाला ऐकू न येणारेही. दाब वाढला की आवाजांची संख्या वाढते, हे त्यांना दिसले. आज जगभर शिलास्फोटाच्या इशाऱ्यासाठी जी सूक्ष्मकंपन-यंत्रणा वापरतात, तिचे बीज या निरीक्षणात आहे. म्हणजे विज्ञानाने कामगाराचा कानच घेतला, तो अधिक तीक्ष्ण केला, आणि त्याला वही-पेन्सिल दिली. कोलारमध्ये हा कान असलेले बहुतेक लोक तमिळ आणि तेलुगूभाषक दलित मजूर होते. नावे अहवालांत येतात ती बहुधा अभियंत्यांची.

कोलारच्या व्यवस्थापनाने यंत्रांचीही मदत लवकर घेतली, हे नोंदवायला हवे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्याच दशकात तिथे विशेर्ट पद्धतीचा भूकंपमापक बसला. जड वस्तुमान टांगलेले, काजळी धरलेल्या कागदावर सुई रेघ ओढणारी. जोहान्सबर्गजवळच्या खाणींच्या हादऱ्यांची चौकशी करण्यासाठी १९०८ मध्ये तिथे समिती नेमली गेली होती. जगात खाणीसाठी भूकंपमापक वापरणाऱ्या पहिल्या मोजक्या ठिकाणांत कोलारची गणना होते.

परंतु एका भूकंपमापकाने काय कळते? खडक फुटला की दोन प्रकारच्या लाटा निघतात, एक वेगवान, एक संथ. वीज चमकल्यानंतर गडगडाटापर्यंतचे क्षण मोजून ढग किती दूर आहे हे ठरवतात, तसे या दोन लाटांमधल्या अंतरावरून स्फोट किती दूर झाला ते कळते. कोणत्या दिशेला आणि किती खोल, ते कळत नाही. नोंद झाली, पण धोका कुठे साचतो आहे हे उमगले नाही. त्यासाठी अनेक ठिकाणी, भूपृष्ठावर आणि भुयारातही, कान हवे होते. ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस आले, आणि ते मुंबईहून आले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने कोलारमध्ये भूध्वनिग्राहकांचे जाळे उभे राहिले. दूरच्या अणुचाचण्या ओळखण्यासाठी या केंद्राने कमावलेली भूकंपशास्त्राची विद्या इथे पायाखालच्या खडकासाठी वापरली गेली. आता प्रत्येक स्फोटाचे स्थान नकाशावर टिंबाने दाखवता येऊ लागले, आणि टिंबे जिथे दाटतात ती जागा, मग तो उरलेला खांब असो, जुना भ्रंश असो वा खडकात घुसलेली कठीण भित्ती, नजरेस येऊ लागली.

मधल्या काळात खाणकामाची पद्धतही बदलली होती. खणलेल्या पोकळीत ग्रॅनाइटच्या चिऱ्यांच्या भिंती रचून आधार देणे ही कोलारची जुनी रीत. पुढे खोल थरांत काँक्रीट भरणे आले. खांब न सोडता सलग पुढे सरकायचे, भ्रंशापासून दूर जात खणायचे, दोन खणकामे समोरासमोर येऊन मधे चिंचोळी पट्टी उरणार नाही याची काळजी घ्यायची, हे नियम तिथे किंमत मोजून शिकले गेले. कोलारमध्ये काम केलेल्या आयझॅकसन यांचे खाणीतील खडकदाबावरचे पुस्तक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. आर. कृष्णमूर्ती आणि एस. बी. शृंगारपुतळे यांनी कोलारच्या शिलास्फोटांवर लिहिलेला निबंध १९९० च्या आंतरराष्ट्रीय संग्रहात आहे, आणि या विषयावरचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात. १९८८ मध्ये कोलारमध्येच राष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्था स्थापन झाली. देशातील धरणे, बोगदे, भूमिगत वीजगृहे यांच्या खडकाची तपासणी पुढे हीच संस्था करू लागली.

याच खोलीचा एक वेगळा लाभ मुंबईच्याच दुसऱ्या संस्थेने घेतला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भौतिकशास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह चॅम्पियन रीफमध्ये सुमारे २.३ किलोमीटर खोल उपकरणे ठेवली आणि १९६५ मध्ये वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. ज्या माथ्यावरच्या खडकाने कामगाराला धोका होता, त्याच खडकाने वैश्विक किरणांचा गोंगाट अडवला.

आता पुन्हा हिशेबाकडे, कारण वर केलेल्या गुणाकारात एक पळवाट आहे. त्यात आडवा दाब कुठे आहे?

स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांनी १८७८ मध्ये असे मानले की खोलवर दाब सर्व बाजूंनी सारखाच असतो, पाण्यासारखा. त्यानंतर अनेक दशके अभियंते मानत आले की आडवा दाब उभ्यापेक्षा कमीच असणार. १९५८ मध्ये निल्स हास्ट यांनी स्कँडिनेव्हियात प्रत्यक्ष मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा धक्का बसला. उथळ थरांत आडवा दाब उभ्याच्या कितीतरी पट होता. डोंगराचे वजन सोडून आणखी काहीतरी खडकाला दाबत होते. भूपट्ट सरकतात, एकमेकांना रेटतात, तो हा रेटा. माथ्यावर किती डोंगर आहे एवढे पाहून धोका ठरवणारा अभियंता निम्माच प्रश्न सोडवतो, असे यातून निघते. कोणत्या दिशेने बोगदा न्यायचा हेही आडव्या दाबाची दिशा पाहून ठरवावे लागते. सर्वाधिक दाबाच्या दिशेला समांतर नेलेला बोगदा सहसा कमी सोसतो.

हा दाब मोजायचा कसा? खोल छिद्र पाडायचे, त्याचा छोटा भाग वरखाली बंद करायचा, आत पाणी दाबाने भरायचे. एका क्षणी खडकाला तडा जातो. तो तडा उघडायला आणि मिटायला किती दाब लागला आणि तो कोणत्या दिशेने गेला, यावरून मूळचा दाब काढतात. ही पद्धत १९६० च्या दशकात घडली. याहून साधी खूण छिद्रातून निघणाऱ्या खडकाच्या कांडीत असते. अतिदाबाच्या जागी ती कांडी अखंड न निघता चकत्यांच्या चवडीसारखी तुटून निघते. चकत्या जितक्या पातळ, तितका दाब अधिक.

महाराष्ट्रात असे खोल मोजमाप झाले ते कोयनेला. १९६७ च्या डिसेंबरमधील भूकंपानंतर कोयना परिसर जगाच्या नकाशावर आला. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला वेधछिद्र भूभौतिक प्रयोगशाळा उभारली, आणि गोठणे येथे ३ किलोमीटर खोल चाचणी-छिद्र २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १,२५० मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर खाली अतिप्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. हेतू भूकंपाचा अभ्यास हा होता, बोगद्याचा नव्हे. परंतु सह्याद्रीच्या पोटात तीन किलोमीटरवर खडक किती आणि कोणत्या बाजूने दाबलेला आहे, याचे उत्तर अंदाजाऐवजी मोजून मिळण्याची सोय प्रथमच झाली.

इतके करूनही नेम चुकतो, हे चीनमधील जिनपिंग येथे दिसले. यालोंग नदीच्या वळणाला छेद देणारे जलवाहक बोगदे, माथ्यावर कमाल २,५२५ मीटर डोंगर. धोका माहीत होता, मोजमापे झाली होती. २८ नोव्हेंबर २००९ रोजी निचऱ्याच्या बोगद्यात एक प्रचंड शिलास्फोट झाला, सात माणसे मृत्युमुखी पडली आणि बोगदा खणणारे यंत्र गाडले गेले. त्यानंतर तिथे सूक्ष्मकंपनांची अहोरात्र नोंद, खणकामाचा वेग त्यानुसार कमी-अधिक करणे, दाब आधीच उतरवण्यासाठी पुढच्या खडकात छिद्रे पाडून तो मुद्दाम तडकवणे, हे सारे कसोशीने अमलात आले. आल्प्समधील गोटहार्ड पायथा-बोगद्यात फायडो येथे मार्च २००६ मध्ये खणकामामुळे २.४ परिमाणाचा हादरा बसला आणि वरच्या गावात तो जाणवला. हिमालयातील पार्वती जलविद्युत प्रकल्पाच्या ३१.५ किलोमीटर लांब बोगद्याने कठीण क्वार्टझाइटमध्ये असाच त्रास सोसला.

या सगळ्यातून एक भेद स्पष्ट होतो, आणि तो प्रामाणिकपणे सांगितला जात नाही. ‘कुठे’ हे आज बऱ्यापैकी सांगता येते. ‘केव्हा’ हे नाही. सूक्ष्मकंपने वाढली म्हणून माणसे बाहेर काढली आणि काहीच झाले नाही, असे घडते. कंपने शांत झाली म्हणून माणसे आत गेली आणि मग खडक सुटला, असेही घडते. म्हणून खोल खाणींत पाळीच्या अखेरीस, माणसे बाहेर काढून सुरुंग उडवतात आणि ठरावीक वेळ कोणाला आत सोडत नाहीत, कारण सुरुंगानंतरचे पहिले काही तास सर्वाधिक धोक्याचे असतात. आधारही आता ताठ नसतात. झटका बसला की थोडे सरकून ऊर्जा गिळणारे बोल्ट आणि जाळ्या वापरतात. स्फोट टाळता येत नसेल तेव्हा तो होईल असे धरून भिंत बांधायची, ही त्यामागची भूमिका आहे.

गोंदियाला हे सारे दूरचे वाटेल. पण जिल्ह्याची उत्तर सीमा ओलांडली की बालाघाटच्या भरवेलीत मॉयल कंपनीची मँगनीजची खाण आहे, आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाणारी. मॉयलचे मूळ १८९६ च्या मध्य प्रांत प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटमध्ये. आज तिचे मुख्यालय नागपूरला आहे. या पट्ट्यातील मँगनीजयुक्त खडकाला लेविस फर्मोर या भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले, आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे. १९०३ ते १९०५ दरम्यान गोंदिया-जबलपूर अरुंद मापाची सातपुडा रेल्वे सुरू झाली आणि बालाघाट गोंदियाच्या मुख्य मार्गाला जोडले गेले.

ही खाण आता चारशे मीटरांच्या खाली गेली आहे, आणि तिच्यासाठी ७५० मीटर खोलीच्या नव्या उभ्या विहिरीचे काम कंपनीने हाती घेतले. वर केलेल्या हिशेबात साडेसातशे हा आकडा एकदा येऊन गेला आहे. त्याचा अर्थ तिथे शिलास्फोट होणारच असा अजिबात नाही. तो हिशेब एकसंध ग्रॅनाइटचा होता. बालाघाटचा सौसर खडक घड्या पडलेला, थरांचा, त्यात अभ्रकाचे पापुद्रे. असा खडक बराच दाब सरकून सोडून देतो. पण त्याच खडकात गोंडाइट आणि क्वार्टझाइटचे कठीण पट्टेही आहेत, आणि मऊ थरांमध्ये अडकलेला कठीण पट्टा शेजाऱ्याच्या वाटचा भार स्वतःकडे ओढून घेतो. अशा ठिकाणी खांब कुठे सोडायचे आणि ते पुढे कापायचे का, हा कोलारचाच जुना प्रश्न. त्याचे उत्तर खणण्यापूर्वी मोजलेल्या आडव्या दाबावर अवलंबून राहते.

दरेकशाच्या डोंगरातही पुन्हा काम होणार आहे. गोंदिया-डोंगरगड चौथ्या मार्गाला, ८४ किलोमीटरच्या, ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. तिथे माथ्यावरचा डोंगर तोच, उथळ. तिथल्या अभियंत्याला झिजलेला वरचा खडक, पावसाळ्यात झिरपणारे पाणी आणि शेजारून धावणाऱ्या गाड्या यांची चिंता अधिक.

कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. चॅम्पियन रीफ तोवर ३.२ किलोमीटरच्या खाली पोहोचली होती. पंप थांबले आणि पाणी पोकळ्यांतून वर चढू लागले. ते जुन्या भ्रंशांत शिरले, उरलेल्या खांबांभोवती साचले. खाली एकही माणूस काम करत नसताना खडक फुटत राहिले, आणि वरच्या वस्तीतल्या घरांना हादरे बसत राहिले. राष्ट्रीय शैलयांत्रिकी संस्थेच्या उपकरणांनी त्यांची नोंद घेतली.